कासारणीची पिवळी बांगडी

फार पूर्वीची गोष्ट. वर डोंगरावर किल्ला आणि खाली पायथ्याला पेठ, अशा एका गावात एक कासारीण राहत होती. तिचा हात इतका हलका होता की तिच्याकडून बांगड्या भरून घेताना लहान पोरीसुद्धा रडत नसत.

किल्ल्यावर राजाची बंदिशाळा होती. कैद्यांना घरच्या माणसांची भेट मिळत नसे, पत्र तर दूरच राहिलं. कासारीण मात्र दर सोमवारी किल्लेदाराच्या घरी बांगड्या भरायला वर जाई. एकदा एका म्हाताऱ्या कैद्याने तिला गजाआडून हाक मारली आणि म्हणाला, "बाई, आमची गाय व्याली का, तेवढं घरी विचारून याल?" तिने विचारलं आणि पुढच्या सोमवारी येऊन सांगितलं, "व्याली. कालवड झाली." तो म्हातारा दिवसभर गालातल्या गालात हसत होता. तेव्हापासून ती कैद्यांचे निरोप नेऊ-आणू लागली. या कामावर तिला कुणी नेमलं नव्हतं, आणि त्याबद्दल तिने कुणाकडून कधी काही घेतलं नाही.

किल्लेदाराच्या कानावर हे गेलं. त्याने तिला बोलावलं.

"निरोप खुशाल ने," तो म्हणाला. "पण ज्याचा निरोप त्यालाच दे. वर कोण आहे आणि तो कुणाचा कोण लागतो, हे तुझ्यामुळे तिसऱ्याला कळलं तर तुझं इथलं येणं बंद."

"कळलं, सरकार," कासारीण म्हणाली.

आणि तिने शब्द पाळला. पेठेतल्या बायकांनी तिला खोदून खोदून विचारलं, गूळ-पाणी देऊन विचारलं, रुसूनही पाहिलं. ती आपली मान खाली घालून हात दाबत राही. आपल्या पोटात गोष्ट राहते, याचा तिला थोडासा तोराही होता.

पण बाई मनाची फार मऊ. जिचा माणूस वर असेल तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरून झाल्या की शेवटी ती आपल्या पदरची एक पिवळी बांगडी चढवायची. एकदा एका कुंभारणीने हात मागे ओढला. "पिवळी नको गं, पुरे झाल्या," ती म्हणाली. कासारणीला वाटलं, बिचारी भिडस्त आहे. तिने आग्रह करकरून बांगडी भरली. दया आली की माणसाला समोरच्याचा चेहरा दिसेनासा होतो, तसंच हे झालं.

त्या पेठेत एक कोष्टीण होती. तिचा नवरा स्वभावाने चांगला, पण भलता तापट. भांडणात एकाचं डोकं फोडून तो बंदिशाळेत गेला होता. त्यानंतर कोष्टीण मुलीला घेऊन दुसऱ्या आळीत राहायला आली, मागावर बसली आणि मुलीला तिने एकटीने वाढवलं. आता मुलीला गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरचं स्थळ आलं होतं. मुलाला मुलगी पसंत होती, मुलीलाही मुलगा आवडला होता.

कोष्टीण कासारणीला म्हणाली, "त्यांना विचारून या. म्हणावं, 'मुलाकडच्यांना तुमच्याबद्दल सांगू की झाकून ठेवू?' त्यांच्या मनात नसेल तर मी बोलणार नाही."

कासारणीने वर जाऊन विचारलं. कोष्टी उठून गजांजवळ आला. मग म्हणाला, "खरं काय ते सांग म्हणावं. पण तिनेच सांगावं, समोर बसून. दुसऱ्याकडून कळलं तर ते नुसतं 'खुनशी माणूस' एवढंच ऐकतील. मी कसा आहे ते तिलाच ठाऊक."

निरोप घेऊन कासारीण गड उतरली. पेठेच्या तोंडाशीच गुळाच्या व्यापाऱ्याचं घर होतं. व्यापारीणबाईंनी तिला ओटीवर बोलावलं आणि हात पुढे केला.

"सोयरीक जमली तर लग्नातल्या सगळ्या बांगड्या तुझ्याकडूनच भरायच्या," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "एक विचारू? मुलीचा बाप परगावी असतो म्हणतात. पण तिच्या आईच्या हातात मी पिवळी बांगडी पाहिली."

"मग?" कासारणीने विचारलं.

"अगं, मग काय? सगळ्या पेठेला माहीत आहे. तू जिला पिवळी भरतेस तिचा माणूस वर असतो. पाणवठ्यावर बायका आधी हात बघतात आणि मग बोलतात."

कासारणीचे हात जागच्या जागी थांबले. तोंडाला कुलूप लावून ती घरोघर हिंडली होती, आणि जाईल तिथे ती गोष्ट हातात भरून आली होती. कुंभारणीने हात का ओढला होता, ते तिला आत्ता उमगलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"मान हलवलीस तरी चालेल," व्यापारीणबाई म्हणाल्या. "मुलगा माझा एकुलता एक आहे गं."

कासारणीच्या मनात आलं, उद्या कोष्टीण सांगणारच आहे. नवऱ्यानेही हो म्हटलंय. आज आपण मान हलवली तर कुणाचं काय बिघडणार? पण लगेच तिला कोष्ट्याचा चेहरा आठवला. तिनेच सांगावं, असं तो म्हणाला होता.

"अक्का, दुसऱ्याच्या घरचं मी हो म्हणून सांगत नाही आणि नाही म्हणूनही सांगत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला काय विचारायचं ते त्यांनाच विचारा. लग्नाच्या बांगड्या दुसरीकडून भरल्यात तरी माझी तक्रार नाही. आणि पिवळीचं म्हणाल, तर आजपासून ती सगळ्यांनाच."

असं म्हणून तिने व्यापारीणबाईंच्या हातात एक पिवळी बांगडी चढवली.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "माझ्या भावाचं तुला कुणी सांगितलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

कासारीण थक्क झाली. "कुणी नाही. मला ठाऊकच नव्हतं."

व्यापारीणबाईंना रडू फुटलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा भाऊ बंदिशाळेत गेला होता. सासरी बोभाटा होईल या भीतीने त्यांनी त्याला इतक्या वर्षांत एक शब्दही पाठवला नव्हता.

"तुम्ही बोललात ते माझ्याजवळच राहील," कासारीण म्हणाली आणि सामान आवरून उठली. कोष्टिणीला तिने फक्त नवऱ्याचा निरोप दिला, ओटीवरचं काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोष्टीण व्यापाऱ्याच्या घरी गेली आणि नवऱ्याचा राग, त्याचा गुन्हा, त्याचा चांगुलपणा, सगळं समोर बसून सांगितलं. व्यापारीणबाईंनी ऐकून घेतलं. मग नवऱ्यासमोर आणि मुलासमोर त्यांनी आपल्या भावाचं नाव नऊ वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं. सोयरीक मोडली नाही. दोघीजणींनी ही हकीकत कासारणीला वेगवेगळी येऊन सांगितली, आणि दोन्ही वेळा तिने ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली.

सोमवारी ती दोन निरोप घेऊन वर गेली. एक कोष्ट्याला दिला: "लग्न ठरलं." दुसरा पार टोकाला बसलेल्या, कुणाचीच चौकशी न करणाऱ्या एका कैद्याला दिला: "तुमच्या बहिणीने विचारलंय, तब्येत कशी आहे? भाच्याचं लग्न आहे."

एकाचं दुसऱ्याला तिने काही सांगितलं नाही. ती दरवाजापर्यंत पोचली तेव्हा मागे तो टोकाचा कैदी उठून कोष्ट्याजवळ जाऊन बसला होता. कितीतरी वर्षांनी त्याला कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं.

तात्पर्य काय, तर विश्वासाने सोपवलेली गोष्ट नुसती तोंडाने न बोलून जपली जात नाही, ती आपल्या दयेतूनही बाहेर पडू द्यायची नसते. ती सांगायची की नाही, हे ज्याची आहे त्यानेच ठरवायचं.