घाम फुटलेली भिंत

फार फार वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या एका राज्यात एक दगडी कोठार होते. साऱ्या राज्याचे भाताचे बियाणे त्यात राहायचे. लहानांनो ऐका, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका. त्या कोठाराच्या कोठाऱ्याची ही गोष्ट आहे.

कोठारी मोठा शिस्तीचा. रोज सकाळी सगळ्या खिडक्या उघडायच्या, हा त्याचा नियम. थंडीतला कोरडा वारा आत खेळायचा आणि बियाणे खडखडीत राहायचे. राजा भर दरबारात त्याचे कौतुक करी.

थंडी सरली. समुद्रावरून उबदार, दमट वारे वाहू लागले. एके दिवशी कोठाऱ्याचा हात भिंतीला लागला आणि ओला झाला. भिंतीलगतच्या पोत्यांना कुबट वास येत होता. एका पोत्यात तर दाण्यांना मोड आले होते.

पेरणी तोंडावर होती. बियाणे गेले तर लोक खाणार काय?

"भिंत झिरपतेय!" तो ओरडला. "गवंड्याने काम कच्चे केले!"

कोठार बांधणाऱ्या गवंड्याला राजापुढे उभे केले. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, पावसाचा अजून थेंब नाही. मग पाणी झिरपेल कुठून?"

पण कोठाऱ्याच्या शब्दाला वजन होते. राजाने हुकूम सोडला, "उद्या सकाळी याने बायकामुलांसह राज्य सोडावे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच कोठारी भेग शोधायला कोठारात गेला. आदल्या संध्याकाळी पुसून घेतलेली भिंत अजून कोरडीच होती. नेहमीप्रमाणे त्याने खिडक्या उघडल्या आणि भिंतीवर नजर रोखून तो उभा राहिला.

हळूहळू दगडावर बारीक थेंब धरू लागले. एखाद्या भेगेतून नव्हे, साऱ्या भिंतीवर एकसारखे. दगडात अजून थंडीचा गारठा होता आणि वाऱ्यातला ओलावा त्यावर उतरत होता. पाणी येत होते ते त्याने स्वतः उघडलेल्या खिडक्यांतून!

त्याने धडाधड खिडक्या लावल्या. आसपास कोणी नव्हते. गप्प बसले तर उरलेले बियाणे वाचेल, नावही वाचेल. गवंडी तर एव्हाना वेशीवर पोहोचला असेल.

हा विचार आला आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. तो धावत सुटला.

वेशीबाहेर बैलगाडी चालू लागली होती. गाडीत गवंड्याची बायको तोंड लपवून रडत होती.

"थांबवा गाडी!" कोठारी धापा टाकत शिपायांना म्हणाला. "चूक माझी आहे. मला महाराजांपुढे न्या."

त्याच दुपारी बियाणे कडक उन्हात पसरले गेले. पुष्कळसे वाचले, पण भिंतीलगतचे गेले ते गेलेच. त्या वर्षी कितीतरी शेते पडीक राहिली आणि घरोघरी लोकांनी अर्धपोटी दिवस काढले. कोठाऱ्याचे पद गेले. गवंड्याचे घर त्याला परत मिळाले, पण पुढे बरेच दिवस तो कोठाऱ्याशी बोलला नाही.

म्हणून सांगतो, काळ बदलला की आपला जुना नियम आधी तपासावा, मगच दुसऱ्याला दोष द्यावा.