चिंच आणि राख

“...मग आता अजून काय करून दाखवायचं राहिलं, बाबा?”

सौमित्रने विचारलं आणि उत्तराची वाट बघत तो उभा राहिला.

केवळगिरी बाबांनी वर पाहिलंच नाही. मठाच्या मागच्या ओट्यावर उकिडवे बसून ते तांब्याचं घंगाळ घासत होते. उद्या मठाचा भंडारा होता. शेजारी तांब्यापितळेच्या भांड्यांचा ढीग पडला होता.

गोदाकाठच्या त्या लहानशा मठात गरीब पोरांचं वसतिगृह चाले. बाबा आता थकले होते. वसतिगृह पुढे कोण सांभाळणार, ते उद्या सगळ्यांसमोर सांगणार होते. सौमित्रला ते हवं होतं. त्यासाठीच तर तो परदेशातली प्रयोगशाळा सोडून इथे आला होता. घरच्यांनी वेड्यात काढलं, तरी आला होता.

“खाली बस,” बाबा म्हणाले. “उभ्याने बोललास की वरून बोलल्यासारखं वाटतं.”

तो बसला. पण गप्प बसवेना.

“मामा आणि आत्यांचं भांडण मी मिटवलं. इतक्या वर्षांत तुम्हालाही जमलं नव्हतं.”

“नव्हतंच जमलं.”

बाबांनी हे इतक्या सरळ कबूल केलं, की सौमित्रचा पुढचा मुद्दा मांडायचाच राहिला.

वसतिगृहाची कोठी आणि शिस्त खंडूमामांकडे, स्वयंपाक सगुणाआत्यांकडे. दोघांची उजाडल्यापासून जुंपायची. मामा ओरडायचे, “या बाईने पोरांना डोक्यावर बसवलंय!” आत्या आतून ओरडायच्या, “पोरं आहेत ती, पलटण नव्हे!” नदीवर निघालेल्या बायका दोघांचं ऐकायला मुद्दाम रेंगाळायच्या.

सौमित्रला हे सहन होईना. ज्या जागेसाठी आपण सगळं सोडलं, तिथे सकाळ-संध्याकाळ हा कलकलाट? त्याने एके दिवशी दोघांना धुनीसमोर बसवलं आणि शब्द घेतला. यापुढे एकाने दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही. मामांनी शब्द दिला. आत्यांनीही दिला.

तेव्हापासून मठ शांत होता.

“हे घे,” बाबांनी घंगाळ त्याच्याकडे सरकवलं. “बाहेरून हिरवा कळंक चढलाय आणि आतून तेलाचा राप आहे.”

बाबांपुढे दोन वाडगी होती. एकात चिंचेचा कोळ, दुसऱ्यात चुलीतली राख. सौमित्रने कोळाकडे हात नेला.

बाबांनी त्याचा हात थांबवला. राखेचं वाडगं उचललं आणि सगळं कोळात उपडं केलं.

फस्स करून फेस वर आला. बाबांनी तो लहान पोरासारखा वाकून पाहिला. फेस बसला. खाली करडा लगदा राहिला.

“घास आता.”

“बाबा, काय केलंत हे!”

“का? दोन्हींनी भांडी निघतात. एकत्र केली, म्हणजे दुप्पट निघतील.”

सौमित्रला हसू आलं. निदान या एका विषयात तरी बाबांना काही सांगता येणार होतं.

“तसं नसतं, बाबा. चिंचेत आम्ल असतं. कळंक त्यात विरघळतो. राखेत अल्कली असते, ती तेलाचा राप धरते. वेगवेगळी लावली तर दोन्ही आपापलं काम करतात. एकत्र आली की एकमेकांवरच खर्च होतात.”

“आणि तो फेस?”

“वायू निघून जातो, त्याचा.”

“मला वाटलं, जोरात काम चाललंय.”

“दिसतं तसं. पण मागे उरतो नुसता क्षार आणि पाणी.”

“क्षार वाईट असतो?”

“वाईट नाही. ना चिंचेसारखा झोंबतो, ना राखेसारखा हात खातो. अगदी निरुपद्रवी.”

“मग चांगलंच झालं की!” बाबा म्हणाले. “भांडण मिटलं दोघांचं.”





सौमित्रने तो लगदा बोटांनी घंगाळाला लावून पाहिला. नारळाच्या शेंडीने घासला, पुसला. खालचा कळंक होता तसाच हिरवा होता.

“माणसं म्हणजे रसायनं नव्हेत, बाबा,” तो अखेर म्हणाला. आवाज जरा चढलाच.

“नव्हेतच. चिंच कुठे रुसते?” बाबांनी पितळेचा तांब्या उचलला. “काल रात्रीची आमटी कशी होती रे?”

“...आंबली होती.”

“सकाळचीच ना?”

“हो. उरलेलं फुकट घालवायचं नाही, असा मामांचा नेम आहे. त्यांनी ती रात्रीसाठी ठेवायला सांगितली होती.”

“चैत्राच्या उकाड्यात! आत्यांना वास आला नाही?”

“आला. पण ठेवायचं मामांनी ठरवलं होतं. त्या कशा बोलणार?”

“आणि मामा? जेवायला बसले होते ना?”

“पहिल्याच घासाला त्यांचं तोंड वाकडं झालं. मी पाहिलं.”

“मग?”

“स्वयंपाक आत्यांचा. ते कसे...”

काल रात्री सगळी पंगत मुकाट जेवली होती. सौमित्रला ती शांतता फार आवडली होती. वाढताना त्याच्या मनात आलंही होतं, की बाबांनी हे पाहायला हवं होतं.

“आज कितीजण शाळेत गेले नाहीत?” बाबांनी विचारलं.

“दोघं. पोट धरून पडलीत.”

बाबांनी तांब्या खळबळून पालथा घातला. नदीकडून धुणं आपटल्याचा आवाज येत होता. आतल्या स्वयंपाकघरात दोन माणसं काम करत होती आणि तिथून एक शब्द बाहेर येत नव्हता.

सौमित्रने मान खाली घातली. परदेशातून निघताना मनाशी बांधलेलं सगळं एकेक करून सुटल्यासारखं त्याला वाटलं. पण विचारायला तर हवंच होतं.

“म्हणजे वसतिगृह मला देणार नाही तुम्ही?”

“कोण म्हणालं? तुलाच देणार आहे,” बाबा म्हणाले.

“...भांडणासकट.”