थोरल्याचा पत्ता

“…मग दोन कशाला घेतलेस?” मुजावरचाचांनी विचारलं.

एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून, असं इस्पितळाचं नेटवर्क सांभाळणारा शार्दूल घैसास म्हणाला. मान काही त्यानं वर केली नाही.

मी मिरजेतल्या एका डोळ्यांच्या इस्पितळात नोंदणी कारकून. माझं टेबल आणि नेटवर्कचं कपाट एकाच खोलीत, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं. त्या कपाटात दोन फायरवॉल आहेत. बाहेरून जे येईल ते तपासूनच आत सोडणारे दोन सारखे डबे. एक कामावर असतो, दुसरा तयारीत. पहिला पडला की दुसरा काम उचलतो. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतो.

जतला आमचं तपासणी केंद्र आहे. तिथून डोळ्यांच्या आतले फोटो व्हीपीएननं इकडं येतात, म्हणजे इंटरनेटमधूनच, पण आमच्यापुरत्या एका बंद वाटेनं. महिन्यातून एकदा डोळ्याच्या आतल्या पडद्याचे डॉक्टर हेर्लेकर येतात, दुपारी दोनपर्यंत ते फोटो बघतात आणि कुणाला तातडीनं मिरजेला आणायचं ते सांगतात.

त्या दिवशी जतला बेचाळीस माणसं वाड्यावस्त्यांवरून जीप करून आली होती. अकरा वाजले तरी फोटो आले होते अकराच. बाकीच्यांचं राहिलं तर थेट पुढच्या महिन्यात, आणि पडद्याचं दुखणं महिनाभर थांबत नसतं.

घोडं कुठं पेंड खातंय ते शार्दूलला कळत नव्हतं. थोरल्याचा आतला पंखा जाम झाला होता. तो तापला की बंद पडायचा, धाकटा काम उचलायचा, इस्पितळाचं बाकी सगळं सुरळीत चालायचं, पण जतची वाट तेवढी तुटायची. थोरला निवून उठला की वाट पुन्हा सुरू. म्हणून शार्दूलनं वॉर्डातून टेबलफॅन आणून थोरल्यासमोर लावला होता. त्या वाऱ्यावर थोरला आठ मिनिटं टिकायचा. आठ मिनिटांत तीनचार फोटो, की पुन्हा ठप्प.

पोरगा हुशार, यात वाद नाही. ही सगळी मांडणी त्यानं एकट्यानं केली होती, आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही. चाचा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तारा जोडायला तो त्यांच्याच हाताखाली शिकला, पण गेल्या दोन वर्षांत त्यानं त्यांना एक अक्षर विचारलं नव्हतं. त्या दिवशी मीच फोन करून चाचांना बोलावून घेतलं. शार्दूलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू देत म्हटलं.

“दोघांच्या सेटिंग अक्षरन् अक्षर सारख्या आहेत,” शार्दूल म्हणाला. “चार वेळा ताडून पाहिल्यात. माझ्याकडं चूक नाही.”

“नसेल.”

“मग?”

“तुझा फोन दे.”

चाचांनी फोन घेतला, बंद केला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. मग स्टुलावर बसून मला चहाचं विचारलं. मी चहा सांगितला. एवढी गडबड चाललेली आणि हे काय भलतंच, असं शार्दूल दोनदा पुटपुटला. चाचा बशीत चहा ओतून निवांत फुंकर घालत राहिले.

…

थोरला पुन्हा पडला. थोड्या वेळानं माझ्या टेबलावरचा फोन वाजला. जतच्या सुरेखाताई होत्या, तिथं फोटो काढतात त्या. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. शार्दूलसाहेबांचा फोन बंद लागतोय, कधीची लावतेय, शेवटी केसपेपरवर छापलेला नंबर शोधून इथं लावला, साहेब आहेत तरी कुठं? साहेब माझ्यासमोर चहा पितायत, असं मी खरं ते सांगितलं. ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

हा नंबर आधीच का लावला नाही, ते चाचांनी मला विचारायला लावलं. ताई म्हणाल्या, हा आम्हाला दिलाय कुणी? काही अडलं तर फक्त मलाच फोन करायचा, असं साहेबांनी बजावून ठेवलंय.

मी ते जसंच्या तसं खोलीत सांगितलं.

“माझ्याइतकं इथलं कुणाला कळतं?” शार्दूल म्हणाला.

“कुणालाच नाही,” चाचा म्हणाले.

…

“जतला पत्ता कुणाचा दिलास?” चाचांनी विचारलं.

“थोरल्याचा.”

“का?”

“तोच मुख्य ना, म्हणून…”

शार्दूल तिथंच थांबला. कप खाली ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

मला नंतर समजलं ते सांगतो. इंटरनेटवर थोरल्याला स्वतःचा आकडी पत्ता असतो, धाकट्याला स्वतःचा. आणि तिसरा एक पत्ता दोघांचा मिळून असतो. जो कामावर असेल तो त्या पत्त्यावर ओ देतो. जतच्या यंत्रात शार्दूलनं थोरल्याचा स्वतःचा पत्ता घातला होता. थोरला पडला तरी जतवाले त्याचंच दार ठोठावत बसायचे. शेजारी धाकटा तयार बसलेला असायचा, पण त्याला कुणी हाकच मारत नव्हतं.

शार्दूलनं माझ्या हातातून फोन घेतला. एकेक आकडा सांगत गेला, सुरेखाताई तो परत म्हणत यंत्रात भरत गेल्या. इकडच्या बाजूलाही त्यानं तोच सामायिक पत्ता लावला. तोवर थोरला निवून कामाला लागला होता. पंधरावा फोटो आला आणि माझ्या जिवात जीव आला.

शार्दूलनं सुस्कारा सोडला, आणि टेबलफॅन सरळ करून थोरल्याच्या तोंडासमोर आणला.

चाचा उठले आणि त्यांनी फॅन बंद केला.

“चाचा, अजून सत्तावीस माणसं आहेत.”

“म्हणूनच.”

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिवी दिली. अठरावा फोटो अर्धा उतरला आणि थोरला गेला. पडद्यावर अर्धा डोळा तसाच लटकून राहिला. शार्दूलचा हात फॅनच्या बटणापाशी गेला आणि तिथंच थांबला.

…

थोरला बंदच होता, तरी उरलेला अर्धा डोळा हळूहळू भरला. मग एकोणिसावा आला. मग विसावा. शार्दूलनं हात मागं घेतला आणि स्वतःशीच हसला. दोन वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

पावणेदोनला बेचाळिसावा फोटो बघून झाला. पाच जणांना आजच आणा, असं डॉक्टर हेर्लेकरांनी सांगितलं. उमदीकडच्या एका आजोबांचा डोळा तर महिन्याभरात गेलाच असता, आज आणलं तर वाचेल म्हणाले. जीप जतहून निघाल्याचं कळलं तेव्हा मला अगदी भरून आलं. शार्दूलनं आपण होऊन सुरेखाताईंना माझ्या टेबलाचा नंबर लिहून घ्यायला सांगितलं. जो असेल तो उचलेल, म्हणाला.

चाचा निघाले. त्यांना काहीतरी करून दाखवावं, असं शार्दूलला फार वाटत असावं. तो लगबगीनं कपाटापाशी गेला.

“चाचा, आत्ता कोण ओ देतंय, थोरला की धाकटा? बघून सांगू?”

चाचा दारात चपला घालत होते.

“जतला विचार,” ते म्हणाले. “त्यांना ठाऊक असेल, तर अजून चूक आहे.”