पांढऱ्या मातीचा लेप

जनावरं आपली दुखणी आपणच निस्तरायची, त्या काळातली ही गोष्ट. चांदी म्हशीच्या पारडाचा पाय काटा घुसून चिघळला. साळू वैदिणीनं, म्हणजे रानातल्या साळिंदरीनं, पांढऱ्या मातीत कडू रस मुरवून लेप लावला. चांदीला म्हणाली, "या मातीचा कणन् कण पोकळ नळी आहे, डोळ्याला दिसत नाही एवढी बारीक. आतलं औषध आठ दिवस झिरपेल. तोवर तोंड लावू नकोस."

दुसऱ्याच दिवशी चांदी मातीवर डाफरली, "ए चिकट, पोर माझं विव्हळतंय आणि तू थेंब थेंब काय देतेस? ओत की सगळं!"

माती म्हणाली, "बाई, जखमेला पेलेल तेवढंच देते. आज सगळं ओतलं तर उद्या काय देऊ?"

"मला शिकवतेस? आई कोण, तू का मी?" म्हणत चांदीनं खरबरीत जिभेनं लेप रगडला. नळ्या पिचल्या. आठ दिवसांचा रस घटकेत वाहून गेला. ठणका थांबला, तशी चांदी कळपात मिरवून आली.

तिसऱ्या दिवशी पाय पुन्हा सुजला. साळू धावत आली, पण त्या रसाचा पाला रानात संपला होता. पारडू जगलं, पाय मात्र कायमचा आखडला.

आता कळप पाण्यावर पुढे निघून जातो. चांदी सगळ्यांच्या मागून, लंगड्या पारडाच्या पावलानं चालते. पारडू म्हणतं, "आई, तू हो पुढं." ती जात नाही.