कोंडाबाईच्या पणतीची कहाणी

ऐक दीपमाते, तुझी कहाणी. बायांनो, तांदूळ मुठीत धरा, कुजबुज मग करा.

एक होतं आटपाट नगर. तिथं वेशीशी एक कुंभारीण राही, कोंडाबाई तिचं नाव. नवरा परगावी मडकी विकायला गेलेला, घरात एक लेक, ठकी. कोंडाबाई मोठी ताठ. बाजारात पणत्या मांडी, पण "घ्या हो" म्हणून कुणाची मनधरणी करायची नाही.

त्या नगराची एक रीत होती. दिवेलागण झाली, की घरचा विस्तव दुसऱ्याला द्यायचा नाही. दिला तर लक्ष्मी जाते. म्हणून ज्याचा दिवा विझला, त्याचं घर काळोखात. त्या काळोखावर एक काळसावट पोसलं. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. भिंतीवरून सरपटत यायचं, माणसावर पसरायचं, त्याची सावली गिळायचं. सावली गेली की वाचा जायची. आधी गवळ्याच्या घरी शिरलं, मग सोनाराच्या घरी शिरलं, मग राजवाड्यात शिरलं. राजपुत्र मुका झाला. तरी रीत काही कुणी मोडीना!

एके दिवशी कोंडाबाई नदीवर माती आणायला गेली. परतते तो वारा सुटलेला, घरचा दिवा विझलेला. मग ती गवळणीकडं धावली. "बाई बाई, वात लावू दे." गवळण म्हणाली, "ह्या वेळेला? शहाणीच आहेस!" मग सोनारणीकडं गेली. तिनं दार लावून घेतलं. मग वाड्यावर गेली. राणीनं आतूनच सांगितलं, "रीत ती रीत." कोंडाबाई घरी आली. ठकी उंबऱ्यात बसलेली. अंगणात चांदणं, तुळशीची सावली पडलेली, पोरीची नाही. पोर "आई" म्हणेना.

कोंडाबाईनं ऊर बडवला. रडत रडत दीपमातेच्या देवळात गेली. तिथं एक म्हातारी सवाशीण बसली होती. ती म्हणाली, "रडू नको. वसा घे. आपल्या हातची पणती करावी, ह्या नंदादीपावरून लावावी, उंबऱ्यावर ठेवावी. मागेल त्याला वात द्यावी. पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, टाकणार नाही. थोडी मातेन, आई. ते माझ्यानं सुटायचं नाही."

म्हातारी हसली आणि दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सांजेला कोंडाबाईनं पणती उंबऱ्यावर ठेवली. काळसावट आलं. तिनं पणती उचलून पुढं धरली, ते पाठीशी गेलं. ती वळली, तेही वळलं. पुन्हा वळली, पुन्हा पाठीशी. काळसावट म्हणालं, "दिवा एकच, बाई. तुझी पाठ मला मोकळी आहे."

गवळण, सोनारीण दारांच्या फटींतून बघत होत्या. कोंडाबाई ओरडली, "बघता काय? दिवे घेऊन या! माझ्या पणतीवर लावा! लक्ष्मी गेली तर माझी जाईल, तुमची नाही!"

मग गवळण आली, तिनं वात लावली. मग सोनारीण आली, तिनं वात लावली. मग राणी आली, अनवाणी आली, पण मुकाट उभी राहिली. कोंडाबाई म्हणाली, "बाईसाहेब, आमच्या दारी मागावं लागतं."

राणीनं पदर पसरला. "कोंडाबाई, वात दे."

"घ्या. हवी तितकी घ्या."

चहूबाजूंनी दिवे झाले. काळसावटाला उभं राहायला जागा उरेना. ते आक्रसलं, कोंडाबाईच्या पायाशी आलं. तिनं त्यावर पाय रोवला. "टाक माझ्या लेकीची सावली! टाक सगळ्यांच्या!" त्यानं सगळ्या ओकल्या. "आता मी राहू कुठं?" म्हणालं. "राहा माझ्या पणतीच्या बुडाशी. वर डोकं काढायचं नाही." ते तिथं जाऊन बसलं, अजून बसलंय.

राजपुत्र बोलला. नगर बोललं. राजानं पालखी धाडली. कोंडाबाईनं ती दारातूनच परतवून लावली. तिचे कान ठकीकडं होते. पोर भिंतीवरल्या आपल्या सावलीकडं बघत होती. मग म्हणाली, "आई, माझी सावली बघ केवढी! राणीपेक्षा मोठी!"

"असणारच," कोंडाबाई म्हणाली. "लेक कुणाची?"

दीपमाता जशी कोंडाबाईला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. घरी वात राहो, मान ताठ राहो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. टाका तांदूळ.