मडक्यातलं नाव

“मग आज माझं मडकं फोडणार ना, बुवा?”

रावजीनं बसायच्या आधीच विचारलं. काखेत फडक्यात बांधलेलं मडकं, कडेवर वर्षाची लेक, बकुळी. झोपडीबाहेर रणरणती दुपार. माळावर चिटपाखरू नव्हतं.

नागूबुवा आवाजाची विद्या शिकवत. पाखरं, जनावरं, माणसं, वाहतं पाणी, सगळं गळ्यातून काढायचं. नेम एकच. दुसऱ्याचा आवाज काढला की मडकं तोंडाशी धरून आपलं नाव तीनदा घ्यायचं. घेतलेला आवाज असा परत करायचा. विद्या पुरी झाली की बुवा शिष्याचं मडकं फोडत. मग तो स्वतः गुरू व्हायला मोकळा.

“बारा वर्षं झाली,” रावजी म्हणाला. “आता एकही आवाज शिकायचा राहिला नाही. म्हशीची धार काढताना चरवी भरत येते, तसा आवाज बदलतो ना? तोसुद्धा येतो मला.”

“म्हैस परत केलीस ना रे? नाहीतर घरात तुलाच दावं बांधावं लागायचं.”

रावजी हसला. बुवांनी फडकं सोडलं.

मडक्याच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं.

बुवांनी मडकं उजेडाकडे धरलं.

“कधीपासून नाव घेतलं नाहीस?”

रावजीची मान खाली गेली.

“सगुणा गेल्यापासून. सात महिने. पोरगी दुधाला तोंड लावीना, बुवा. नुसती आईला शोधायची. मग मी तिच्या आईच्या आवाजात हाक मारली... तेव्हा प्याली.”

“आणि परत नाही केलास.”

“कसा करू? तेवढंच उरलंय तिचं.”

“काढ तो आवाज.”

रावजीनं डोळे मिटले.

“बकू गं... ये माझी साय ती...”

झोपडीत सगुणा बोलली. तोच किनरा आवाज, शेवटाला जरा दमलेला.

बकुळीनं मान वळवली. बापाच्या तोंडाकडे नाही. त्याच्या खांद्यावरून, मागं, दाराकडे. दोन्ही हात पसरून ती खुदकन हसली.

रावजीनं वळून पाहिलं. दारात नुसतं ऊन होतं.

“घरीपण असंच करते,” तो हळू म्हणाला. “माझ्या आवाजात हाक मारली तर परक्याला बघितल्यासारखी रडते. आणि परवापासून... मी गप्प असलो तरी दाराकडे बघून हसते. रांगत उंबऱ्याबाहेर जाते.”

त्यानं पोरीला घट्ट धरलं.

“पुढं विहीर आहे, बुवा.”

बुवांनी बोटानं जाळं पुसलं. मडकं त्याच्यापुढं सरकवलं.

“नाव घे. तुझं.”

पोरीला खाली बसवून रावजीनं मडकं तोंडाशी धरलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. नाव ओठांशी यायचं आणि मागं फिरायचं. वर्षानुवर्षं रोज घेतलेलं नाव. कपाळावरून घाम निथळला. पुन्हा जोर केला...

मडकं घुमलं. आवाज बाईचा होता. लाजलेला.

“अगं बाई... त्यांचं नाव कसं घेऊ मी?”

रावजीच्या हातातून मडकं सुटता सुटता राहिलं. तो बुवांकडे बघत होता. काहीतरी सांगायचं होतं त्याला, पण तोंड उघडायची भीती वाटत होती.

बकुळी हसत दाराकडे रांगत निघाली होती.

बुवा उठले. उंबऱ्यापाशी तिला उचलून छातीशी धरलं. ती बाहेरच्या उन्हाकडे हात करून झेपावत होती.

बुवांनी त्या रिकाम्या दाराकडे पाहिलं. मान लववली.

“उखाण्यात घ्या, बाई. पण घ्या. लेकीला बाप हवाय.”