दुखलं तर डावा हात वर कर

"...पण मॅडम, दुखू नये म्हणून नंतर गोळी देणार कोणती? आयब्युप्रोफेन की डायक्लोफेनॅक?"

खुर्चीत आडवा झालेला डॉक्टर प्रणित कुंभोजकर तिसऱ्यांदा विचारत होता. खालची अक्कलदाढ आडवी रुतली होती. सूज दोनदा आली, औषधाने दोनदा बसली, आणि दोन्ही वेळा दाढ काढायची तारीख घेऊन हा पळाला. पुढची सूज गळ्यात उतरू शकते, आणि उतरली तर काय होतं, हे त्याला पानासकट पाठ होतं.

खटावकर मॅडम हातमोजे चढवत होत्या. दाढ काढायला त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

"तूच सांग. अभ्यास तुझा आहे."

अभ्यास होता खरा. एकशे वीस पेशंट. निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना ती. दाढ काढल्यावर सहा तासांनी प्रत्येकापुढे दहा सेंटिमीटरची रेघ ठेवायची. जितकं दुखतंय तितक्या अंतरावर त्याने खूण करायची. प्रणितने त्या खुणा पट्टीने मोजल्या, परिषदेत बक्षीस मिळवलं, आणि तेव्हापासून दुखण्याविषयी दुसरं कुणी बोललेलं त्याला खपत नसे.

"तीन मिलिमीटरचा फरक आला होता."

"मग जिच्यात कमी दुखलं ती घे."

"तीन मिलिमीटरने काय होतंय, मॅडम!"

बोलून गेला आणि स्वतःच चपापला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने ओठ बधिर झाला. हिरडीला टोचून पाहिलं. त्याला पत्ताही लागला नाही.

"दुखलं तर डावा हात वर कर. मी थांबेन."

प्रणितला दरदरून घाम फुटला.

हेच वाक्य त्याने एकशे वीस जणांना सांगितलं होतं. हात वर झाले होते... कितीतरी. एका बाईंचा तर शेवटपर्यंत खाली आलाच नव्हता. "झालं, झालं, एवढंच," असं म्हणत तो काम उरकत राहिला होता. एकदाही थांबला नव्हता.

समोरचं माणूसही आपल्यासारखंच निघालं तर?

मॅडमनी हत्यार तोंडाशी आणलं. हात वर झाला.

त्यांनी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. हात मांडीवर घेऊन बसल्या.

...

हात खाली आला. त्यांनी हत्यार उचललं. हात पुन्हा वर.

हत्यार पुन्हा ट्रेमध्ये.

नर्सने दाराकडे पाहिलं. बाहेर सात पेशंट खोळंबले होते. मॅडमनी तिकडे मान वळवली नाही.

तिसऱ्यांदाही तेच झालं. या खेपेला हात बराच वेळ वर राहिला. कोपर भरून आलं असेल, तरी राहिला. मॅडम बसून होत्या.

...

मग तो हळूहळू खाली आला. प्रणितचे डोळे भरले होते.

"मॅडम," बधिर ओठांतून शब्द नीट फुटेनात, "दुखलं नव्हतं. एकदाही नाही. मला नुसती भीती वाटत होती. तुम्ही थांबता का, तेवढंच बघत होतो."

"हं."

"मी कधीच थांबलो नाही हो..."

मॅडमनी दिवा थोडा खाली ओढून घेतला.

"दुखत नव्हतं, हे तुम्हाला कळलं नाही?"

"पहिल्या वेळीच कळलं."

"मग तिन्ही वेळा थांबलात कशाला?"

मॅडमनी हत्यार उचललं.

"हात वर होता रे."